अंगण एकराचं, फाटक चार फुटांचं

अमेरिकेत जॉर्जिया, टेक्सास किंवा नॉर्थ कॅरोलिनात शहराबाहेर घर घेतलं की घराबरोबर गवतही पदरात पडतं. एक एकर म्हणजे आपले ४० गुंठे. घर, गॅरेज, ड्राइव्हवे आणि झाडांखालची जागा वजा केली तरी २५-३० गुंठे हिरवळ उरतेच, आणि उन्हाळ्यात ती जवळजवळ दर आठवड्याला कापावी लागते. वाढू दिली तर आधी शेजाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, मग वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र येतं, आणि बऱ्याच शहरांत पालिकेची नोटीसही. न्यू जर्सीत पाव एकराच्या प्लॉटवर राहणाऱ्या मराठी कुटुंबाचं काम ढकलायच्या मशीनवर भागतं. तेच कुटुंब अटलांटा किंवा शार्लटच्या बाहेर मोठ्या प्लॉटवर गेलं, की बसून चालवायच्या झिरो-टर्न मोअरचा विषय निघतो.

या मशीनला सहसा स्टिअरिंग नसतं. बसणाऱ्याच्या दोन्ही हातांत दोन दांडे असतात. डावा दांडा मागच्या डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा, आणि प्रत्येक चाकाला स्वतःचं हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. पुढची दोन चाकं नुसती फिरती. त्यांना ना इंजिनाची ताकद, ना ब्रेक. तासाच्या टोकाला औत वळवताना आतला बैल थोपवून बाहेरचा चालवतात, तसंच हे. फरक इतकाच की इथे आतला ‘बैल’ मागेही चालू शकतो, त्यामुळे मशीन जागच्या जागी गर्रकन फिरतं. कॅन्ससमध्ये जॉन रेगिअर यांनी १९६०च्या दशकात असं मशीन तयार केलं आणि ‘हसलर’ या नावानं ते बाजारात आलं. पुढची कित्येक वर्षं ते मुख्यतः गवत कापण्याचा धंदा करणाऱ्यांकडेच दिसे. घरगुती गिऱ्हाईक बरंच नंतरचं.

दुकानात मशीनवर सगळ्यात ठळक आकडा असतो हॉर्सपॉवरचा. २२, २४, २६. निवड करताना खरं तर तो सगळ्यात शेवटी बघावा. पहिला प्रश्न उताराचा.

बहुतेक कंपन्या १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर झिरो-टर्न नेऊ नका असं बजावतात, काही तर १० अंशांवरच थांबवतात. १५ अंश म्हणजे दहा फूट आडव्या अंतरात सुमारे पावणेतीन फूट चढ. डोळ्याला तो फारसा वाटत नाही. अडचण मशीनच्या चपळाईतच आहे. वळवणं आणि थांबवणं, दोन्ही कामं मागच्या दोन चाकांकडे. ओल्या गवतावर ती घसरली की दोन्ही एकदमच हातातून जातात, आणि पुढची मोकळी चाकं उताराच्या दिशेनं निघतात. म्हणून तळ्याच्या काठाला किंवा दगडी बांधाच्या कडेला या मशीनचं काम नाही. फोनमधल्या अंश मोजणाऱ्या अॅपनं अंगणातली सगळ्यात तिरकी जागा मोजून घ्यावी. आकडा जास्त आला तर तेवढा पट्टा ढकलायच्या मशीननं कापावा. अंगणच उताराचं असेल तर झिरो-टर्नचा नाद सोडलेला बरा.

दुसरी मोजणी फाटकाची. मागच्या अंगणाचं कुंपण आणि त्याला चार फुटी फाटक, ही अमेरिकेतली नेहमीची मांडणी. ४२ इंची डेक, म्हणजे पाती फिरतात ती पत्र्याची पेटी, बाजूचं गवत फेकणारं झाकण वर उचललं की त्यातून जाऊ शकतो. ५० इंची जात नाही. रंग, गादी, कप ठेवायची जागा सगळं पसंत पडून मशीन घरी येतं, आणि फाटकाशी अडकल्यावर टेप शोधली जाते!

मोठ्या डेकचं आकर्षणही जरा ताडून बघावं. ताशी पाच मैलांनी चालवलं तर ४२ इंची डेक कागदावर तासाला दोन एकरांहून थोडं जास्त कापतो. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे धरले की दीड एकर. ५४ इंची घेतला तर एकरामागे दहाएक मिनिटं वाचतात. तीन एकरांच्या मालकाला ती मोलाची आहेत, एका एकरवाल्याला फारशी नाहीत. उलट उंचसखल जमिनीवर रुंद डेक उंचवट्यांवरचं गवत मुळापर्यंत खरवडतो.

पैसे कुठे जातात ते पाहायचं तर सीटखाली वाकावं लागतं. हायड्रो-गिअर कंपनीच्या ईझेडटी मालिकेची हलकी ट्रान्समिशन घरगुती मशीनांत सर्रास दिसतात. त्यांचं तेल सहज बदलता येत नाही. झेडटी-२८०० पासून पुढे फिल्टर आणि तेल दोन्ही बदलता येतं. दहा वर्षं मशीन ठेवायचा विचार असेल तर इंजिनाच्या दोन जादा हॉर्सपॉवरपेक्षा हे जास्त कामाचं. डेकचंही तसंच: पत्र्याच्या गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. १० गेजचा जोडीव डेक झाडाच्या मुळावर आदळला तरी टिकाव धरतो, १३ गेजचा दाबीव पत्रा चेपतो.

बॅटरीवरची मशीनं आता किरकोळ राहिलेली नाहीत. कॅलिफोर्नियानं २०२४ पासूनच्या नव्या मॉडेलांच्या छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट घातली. आधी घेतलेली पेट्रोलची मशीनं मात्र वापरता येतात. बॅटरीच्या मशीनचा आवाज कमी आणि तेल बदलायची कटकट नाही, हे खरं. पण एका चार्जमध्ये किती कापेल याचा जाहिरातीतला आकडा सपाट, कोरड्या गवताचा असतो.

हात बसायला थोडा वेळ लागतो. नवखा माणूस एक चाक जागीच रोखून वळवतो आणि त्या चाकाखालचं गवत अर्धगोल उपटून निघतं. दोन्ही चाकं फिरती ठेवून, इंग्रजी वाय अक्षरासारखं मागेपुढे करून वळलं की हिरवळ शाबूत राहते. मशीन कितीही खेळण्यासारखं वाटलं तरी १६ वर्षांखालच्या मुलांनी बसून चालवायचा मोअर हाताळू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं आहे. मांडीवर मूल घेऊन फेरी मारणं तर नाहीच.

शेवटी डीलरचा प्रश्न. अडीचशे-तीनशे किलोचं हे धूड गाडीच्या डिकीत मावत नाही. मोठ्या साखळी दुकानात ते स्वस्त मिळेलही, पण बिघडलं की ट्रेलर लागतो. घरून उचलून नेण्याचे किती घेणार आणि ऐन मे महिन्यात दुरुस्तीला किती दिवस लावणार, हे बिल फाडण्याआधीच विचारून घ्यावं.