औंढ्याच्या देवळास बाहेरून प्रदक्षिणा

औंढा नागनाथास जाऊन आलेल्या मंडळींस देवळाविषयीं विचारावें, तर बहुतेकांस गाभाऱ्यांतील तो अरुंद भुयारी उतार तेवढा आठवतो. वाकून खालीं उतरावयाचें, लिंगापुढें मस्तक टेकावयाचें, घामाघूम होऊन वर यावयाचें आणि गाडी सुटेल या धास्तीनें निघावयाचें! आम्हीहि पूर्वीं दोन वेळां असेच जाऊन आलों होतों. तिसऱ्या खेपेस बरोबर आमच्या काकू होत्या. त्यांस भुयारांत उतरणें झेपण्यासारखें नव्हतें. त्यांच्या सोबतीस आम्ही बाहेर राहिलों, आणि तें देऊळ प्रथम पाहिलें.

काकूंनीं पहिलाच प्रश्न केला, "हें खालीं काळें नि वर पांढरें, असें कां रे?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. खालचा काळ्या पाषाणाचा भाग यादवकालीन आहे. वरचें चुनेगच्ची शिखर पुष्कळ मागाहूनचें, पेशवाईच्या वळणाचें. मूळचें देऊळ सात मजली होतें, तें औरंगजेबाच्या फौजेनें पाडलें व पुढें अहल्याबाई होळकरांनीं त्याचा जीर्णोद्धार केला, असें परंपरा सांगते. कित्येक रसिकांस हा काळ्या-पांढऱ्याचा जोड खुपतो. आम्हांस मात्र तो प्रामाणिक वाटतो. पुनः बांधणाऱ्यांनीं जुन्या कामाची खोटी नक्कल केली नाहीं; आपल्या काळचें शिखर आपल्या रीतीनें चढविलें. त्यामुळें जुनें कोठें संपलें, हें लहान मुलासहि बोटानें दाखवितां येतें.

चुन्यावांचून नुसत्या घडीव चिऱ्यांच्या अशा बांधणीस आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतों. हेमाद्रि हा महादेवराय व रामदेवराय या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. पण अंबरनाथचें शिवालय शके ९८२ चें, इ. स. १०६० चें, हेमाद्रीच्या आधीं दोनशें वर्षें तेंहि याच जातीचें उभें होतें! तेव्हां नांव पंतांचें असलें, तरी विद्या पाथरवटांची. चिरा चिऱ्यांत खाचेनें बसवावयाचा आणि वरच्या भारानें खालचा जखडावयाचा, हें तिचें मर्म. छत करतांना चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे चिरे टाकीत, प्रत्येक थर थोडा पुढें काढीत पोकळी मिटवीत आणावयाची. कमानीची गरजच नाहीं.

बाहेरची भिंत खालून वर पाहत जावी. प्रथम जोतें, त्याच्या थरांत हत्तींची रांग, तिला गजथर म्हणतात. जणूं सारें देऊळ हत्तींनींच पाठीवर तोललें आहे. वर जंघा, म्हणजे मूर्तींचा पट्टा. येथें भिंत सरळ नेलेली नाहीं. कोनाकोनांनीं पुढें-मागें घेतली आहे. त्यामुळें भिंतीस बळकटी येते, आणि प्रत्येक मूर्तीस स्वतःचा उजेड व स्वतःची सावली मिळते. भर दुपारीं सपाट दिसणारी आकृति कलत्या उन्हांत उठून पुढें येते.

दाराकडे वळावें, तों ओळख पटूं लागते. चौकटीच्या उभ्या नक्षीदार पट्ट्या म्हणजे द्वारशाखा; वरच्या आडव्या पट्टीच्या मध्यावर कोरतात तें ललाटबिंब. आपल्या वाड्यांच्या दारावरील गणेशपट्टी हिचीच घरगुती धाकटी बहीण. जोतें, उंबरठा, खांब, तुळई हे शब्द तर देवळांत नि घरांत एकच.

आमच्या स्वतःच्या वाड्याचें येथें सांगणें भाग आहे. वाटण्या झाल्या, वाडा उतरविला, आणि गणेशपट्टीसकट सागवानी दार जुन्या लांकडाच्या भावानें गेलें. त्यावेळीं घरांत बारा-चौदा शिकलेलीं माणसें होतीं. दारावरील कमळास, वेलीस, पट्टीस काय म्हणतात, हें एकासहि सांगतां आलें नाहीं. मग तें ठेवून घ्या, असें तरी कोणी कशाच्या जोरावर म्हणावें?

देवळांवर असा प्रसंग निराळ्या रूपानें येतो. भक्तीनें तेलशेंदूर थापतात, हौसेनें तैलरंग चढवितात, आणि दुरुस्ती म्हणून दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरतात. सिमेंटानें सांधा घट्ट दिसतो खरा. परंतु आंत शिरलेलें पाणी कोंडतें व चिऱ्याची कड फुटूं लागते. वर्गणी काढणाऱ्या गांवकऱ्यांस ही गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते.

नंदी देवळासमोर नसून मागें आहे. नामदेवांच्या कीर्तनासाठीं देऊळ फिरलें, ती कथा काकूंनीं आम्हांस ऐकविली. विसोबा खेचरांची व नामदेवांची भेट येथलीच. पुढें एका कोपऱ्यांत शिवपार्वतीचें शिल्प लागलें. पार्वती रुसली आहे व शंकर मनधरणी करीत आहेत, अशी त्याची ख्याति आहे. काकू तेथें बराच वेळ उभ्या होत्या. आंतली मंडळी दर्शन घेऊन घाम पुशीत बाहेर आली व निघण्याची घाई करूं लागली, तेव्हां त्या म्हणाल्या, "थांबा जरा, हिचा रुसवा अजून गेला नाहीं."