मुद्रित पान आणि मूळ ओळ : ‘सिंकटेक’च्या कार्यपद्धतीचा परिचय

मुद्रितशोधनातील दुरुस्ती ही केवळ शब्दाची नसते. ती स्थळाची असते. एकच शब्द ग्रंथात अनेक ठिकाणी येतो आणि त्यांपैकी नेमका कोठला बदलावयाचा, हे निश्चित झाल्याखेरीज दुरुस्तीला अर्थ नसतो. संगणकावर ग्रंथ सिद्ध करताना ही स्थळनिश्चिती कशी साधते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ या अक्षरजुळणी-प्रणालीच्या रचनेस आरंभ केला. या प्रणालीत व तिच्यावर आधारलेल्या ‘लाटेक’मध्ये अभ्यासकासमोर दोन वस्तू असतात : एडिटरमध्ये आज्ञांसह लिहिलेली मूळ संहिता आणि तिच्यापासून तयार झालेले, प्रीव्ह्यूअरमध्ये दिसणारे पान. चूक आढळते ती पानावर. दुरुस्ती मात्र संहितेत करावी लागते. शिवाय टेक संपूर्ण परिच्छेद लक्षात घेऊन ओळी नव्याने तोडत असल्याने संहितेतील ओळी व पानावरील ओळी यांचा मेळ राहत नाही.

काही वर्षांपूर्वी एका हस्तलिखिताच्या संपादनाची मुद्रिते तपासताना माझ्याकडून याच कारणाने प्रमाद घडला. एका ओवीतील ‘तेणें’ हे रूप बदलावयाचे होते. शोध-आज्ञेने जे ‘तेणें’ प्रथम सापडले, ते मी बदलले. ते निराळ्या ओवीतले होते आणि हस्तलिखितानुसार अचूक होते. पुढील मुद्रितात एका चुकीच्या दोन चुका झालेल्या होत्या.

यावर उपाय म्हणून प्रथम संहितेच्या प्रवाहातच ओळ-क्रमांकाच्या खुणा घालण्याच्या पद्धती निघाल्या. परंतु त्या खुणांमुळे कधी कधी ओळ भलत्याच ठिकाणी तुटे. म्हणजे शोधण्याचे साधनच पानाची रचना बदलू लागले. जेरोम लॉरेन्स यांच्या ‘सिंकटेक’ने हा दोष टाळला. २००८ च्या ‘टेक लाइव्ह’ संचापासून ही सोय खुद्द अक्षरजुळणीच्या यंत्रणेतच अंतर्भूत झाली. पान रचले जात असताना त्यावरील चौकटी व मोकळ्या जागा संहितेच्या कोणत्या फाइलीतील कोणत्या ओळीपासून आल्या आणि पानावर कोठे बसल्या, याची नोंद एका स्वतंत्र फाइलीत होते. पानाची रचना मात्र अबाधित राहते. ‘टेकवर्क्स’मध्ये कंट्रोल कळ दाबून पानावर क्लिक केले की ही नोंद वाचली जाते आणि एडिटर संबंधित ओळीवर जातो. एडिटरमधून पानाकडेही असेच जाता येते. युनिकोड मराठी जुळवणाऱ्या ‘झीटेक’मध्येही ही सोय आहे.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानी घेतल्या पाहिजेत. नोंद ओळीची असते, अक्षराची नव्हे. सबंध परिच्छेद एकाच ओळीत लिहिला असेल, तर निर्देश परिच्छेदापाशीच थांबतो. म्हणून संहितेत प्रत्येक वाक्य, वा प्रत्येक चरण, स्वतंत्र ओळीवर लिहावा हे इष्ट. संहितेच्या आरंभी तीन ओळी वाढवून पान पुन्हा तयार केले नाही, तर निर्देश तीन ओळींनी चुकतो. अनुक्रमणिकेवर क्लिक केल्यास यंत्रणेने स्वतः निर्माण केलेली फाइल उघडू शकते. तेथे केलेली दुरुस्ती पुढील जुळणीत पुसली जाते. ती मूळ शीर्षकातच करावयास हवी.

तात्पर्य, सिंकटेक स्थळ दाखविते. पाठ शुद्ध की अशुद्ध, हे ठरवीत नाही. तो निर्णय संपादकाचाच होय. मात्र योग्य निर्णय अयोग्य ओवीवर पडू नये, एवढी दक्षता या साधनाने निश्चित घेता येते. पाठसंपादनाच्या क्षेत्रात ही दक्षता किरकोळ मानता येणार नाही.