बंदराचे जुळे भावंड

धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या देवळापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी आपल्या बीड जिल्ह्यातल्या कापसाच्या गाठी परदेशी निघाल्या, की त्यांना भरती-ओहोटीचा विचार करावाच लागतो. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. तेथे मोठी जहाजे येतात ती समुद्रतळ खणून केलेल्या खोल वाटेने. पाणी कमी पडले तर जहाज गाळात रुतते. फार वेळ थांबवले तर खर्च चढतो आणि मागची जहाजेही खोळंबतात. मग जहाज आत घ्यावे तरी केव्हा?

खऱ्या जहाजावर असा प्रयोग करून पाहणे परवडणारे नाही. म्हणून पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत कृत्रिम भरती आणतात. समजा, एक प्रतिकृती १०० पट लहान आहे. तिच्यातला काळ किती पट आखूड? १०० पट नव्हे! लंबकाचा आवर्तनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, हे तुम्ही शिकला आहात. भरतीचे पाणीही गुरुत्वाकर्षणानेच हलते, म्हणून येथे काळ १० पट आखूड. समुद्रात दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. प्रतिकृतीत सव्वा तास पुरतो. मला हे वर्गमूळ फार आवडते.

पण या सिमेंटच्या बंदराला आज वारा कुठून सुटला आहे, हे कळत नाही. ते कळते संगणकातल्या ‘डिजिटल ट्विन’ला, म्हणजे बंदराच्या अंकीय जुळ्या भावंडाला. भरतीमापक, वायुवेगमापक, जहाजांवरची यंत्रे यांचे आकडे त्याच्याकडे सतत येत राहतात आणि ते पुढच्या काही तासांचे गणित आधीच मांडून ठेवते. हॉलंडमधील रॉटरडॅम बंदराने असे जुळे उभारण्याचे काम २०१८ साली हाती घेतले.

या गणितातली एक गंमत पाहा. उथळ वाटेतून जहाज चालू लागले, की ते थोडे खाली बसते! तळ आणि जहाज यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी वेगाने मागे जाते आणि बर्नूलीच्या नियमाप्रमाणे तेथला दाब घटतो. (दोन कागद जवळजवळ धरून मध्ये फुंकर मारा, ते एकमेकांकडे ओढले जातात.) हे बसणे साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एखादे जहाज १ मीटर खाली बसत असेल, तर वेग निम्मा करताच ते सुमारे २५ सेंटिमीटरच बसेल. म्हणजे भरतीची वाट न पाहता, नुसते हळू चालवूनही कधीकधी जहाज आत घेता येईल.

मात्र तळाशी रोज साचणारा गाळ जुळ्याला आपोआप दिसत नाही. खोलीचे आकडे जुने असतील, तर संगणक चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देईल! म्हणून मोजणीची होडी वाटेवरून वारंवार फिरवावी लागते. ती तळाकडे ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनीची वेळ मोजते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. प्रतिध्वनी ०.०२ सेकंदात परत आला, तर होडीखाली पाणी किती? वहीत मांडून पाहा. निम्मे करायला विसरू नका.