ग्रीक जहाजं आणि आपलं कल्याण

अथेन्स, डेलॉस, सँटोरिनी, गाईडसकट क्रूझ. भारी आहे, पण ईएमआय बघून माझा तरी घसा कोरडा पडला. मग आठवलं, ग्रीक तर आपल्याकडेच येऊन गेलेत!

पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. त्या पुस्तकाला ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्यात ‘कॅलिएना’ येतं, म्हणजे आपलं कल्याण. तो सांगतो, पूर्वी इथे रीतसर व्यापार चालायचा, पण सत्ता बदलली आणि अडवणूक सुरू झाली. चुकून ग्रीक जहाज आलंच, तर पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भरूचला नेतात. अभ्यासक याचा संबंध सातवाहन आणि क्षत्रपांच्या भांडणाशी लावतात. विचार करा, एवढा समुद्र कापून यायचं आणि माल उतरवायचा भलत्याच बंदरात!

पुरावा डोळ्यांनी बघायचाय? बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या कान्हेरीला जा. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर खांबांवर चक्क ‘यवन’ दात्यांचे लेख आहेत. माझ्या मते आधी कार्ले करा.

बेट हवंच असेल तर गेटवेहून लाँच पकडा, साधारण तासाभरात घारापुरी. पण तिथलं मोठं शिवलेणं सहाव्या शतकाच्या आसपासचं, म्हणजे आपल्या व्यापाऱ्यानंतर जवळपास पाचशे वर्षांनी. दोन्हींची खिचडी करू नका. आणि रविवारची गर्दी टाळायला सोमवारी रजा टाकू नका, लेणी सोमवारी बंद असतात.