धावपट्टी मोहॉकांची

विमानवेड्यांनो, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातली या शाळेबद्दल ऐकलंय? टायंडिनागा या मोहॉक आदिवासींच्या भूमीवर १९८५ साली 'फर्स्ट नेशन्स टेक्निकल इन्स्टिट्यूट' सुरू झाली. कारभार आदिवासींच्याच हाती. इथे समाजकार्यासारखे विषय शिकवतात, पण मला भुरळ घातली ती १९९० पासून चालू असलेल्या वैमानिक प्रशिक्षणाने!

या शाळेच्या धावपट्टीच्या जागेची कथाही भारी आहे. पहिल्या महायुद्धात इथल्या 'कॅम्प मोहॉक'मध्ये रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक तयार होत. आज त्याच जागी क्री, ओजिब्वे, मोहॉक अशा आदिवासी घरांतली मुलंमुली विमान उडवायला शिकतात.

यात नुसती हौस नाही हं. ओंटारिओच्या उत्तरेकडच्या कितीतरी वस्त्यांना बारमाही रस्ताच नाही. थंडीत नद्या-तळी गोठली की बर्फावरून ट्रक जातात, एरवी किराणा, औषधं, रुग्ण, सगळं विमानानंच. मग ते विमान गावातल्याच पोरानं का चालवू नये?

२०२२ मध्ये शाळेच्या हँगरला आग लागून बहुतेक सगळी विमानं जळाली. मला वाटलं, संपलं. पण नाही, प्रशिक्षण पुन्हा उभं राहिलं.

आणखी एक आवडलेली गोष्ट. बऱ्याच अभ्यासक्रमांचे वर्ग थोड्या दिवसांच्या सलग सत्रांत होतात, म्हणजे नोकरी-संसार सांभाळणाऱ्यांना वर्षभर घर सोडावं लागत नाही. एकेकाळी सक्तीच्या निवासी शाळांसाठी ज्यांची मुलं घरातून ओढून नेली, त्या समाजाला या सोयीची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळत असणार.