फिनलंडच्या पोराला विचारायचं काय?

"फिनलंडची शाळा भारी, आपली बेकार" असलं रील तुम्हीही पाहिलं असेल. पण तिकडची शाळा जालन्यातल्या पोराला कळणार कशी? विमानाने जाऊन?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे झेडपीचे गुरुजी रणजितसिंह डिसले आठवतात ना? २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज, १० लाख डॉलर. अर्धे पैसे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी ९ जणांना वाटले. बातम्या तिथेच थांबल्या. खरं तर भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतं केलं होतं.

असा कॉल उद्या अंबडच्या वर्गात लागला, तर आधी परीक्षेचं विचारा. फिनलंडमध्ये पहिली सुरू होते ७ व्या वर्षी, आणि आपल्या बोर्डासारखी देशभराची परीक्षा थेट बारावीच्या वयात. जर्मनीत उलटं. बहुतेक राज्यांत चौथीनंतरच ठरतं, कोण कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार. १० वर्षांच्या पोराची ती दहावीच की!

जपानी मुलाला विचारा, वर्ग कोण झाडतं? "आम्हीच." झेडपीतही पोरंच झाडतात, पण जपानचं ते संस्कार आणि आपलं ते हाल, असं कसं?

मग तोही विचारेल, "दिवाळीनंतर तुमच्या वर्गात मुलं कमी का?" आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत, हे सांगावं लागेल. ते कुठल्याच रीलमध्ये नसतं.

आणि हो, हिवाळ्यात फिनलंड साडेतीन तास मागे. दुपारी दीडला कॉल लावा, तिथे सकाळचे १० वाजलेले असतात.