चांद्याच्या वाटेवरचे खांब

‘चांदा ते बांदा’ म्हणताना बांद्याच्या बाजूचा समुद्र आणि त्यावरची दीपगृहं आठवतात. खांदेरीच्या ज्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला उभारायला घेतला, तिथेच १८६७ साली इंग्रजांनी दीपगृह बांधलं. मुंबई बंदराची वाट ते आजही दाखवतं.

चांद्याकडे, म्हणजे चंद्रपूरकडे, समुद्र नाही. पण मोहर्लीहून ताडोब्याच्या तळ्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेनं एकामागून एक जुने दगडी खांब लागतात. जिप्सीतल्या साऱ्यांचे डोळे वाघाच्या मागावर असतात, त्यामुळे खांब मागे पडत जातात. मला मात्र हीच या जंगलाची दीपगृहं वाटतात.

गाइड सांगतात, हे गोंड राजांचे खांब. माथ्यातून दोर ओवलेला, दोराला घंटा. राजाची स्वारी निघाली की दोर ओढायचा. घंटा वाजत वाजत वर्दी चांद्याच्या परकोटापर्यंत जायची. याला आधार लोकांच्या आठवणीचा. पण चंद्रपूर ते मोहर्ली हेच अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. एवढा लांब दोर एका हिसक्यानं हलणार नाही. म्हणून मला वाटतं, टप्प्याटप्प्यावर माणूस बसत असणार: मागची घंटा ऐकायची, पुढचा दोर ओढायचा. कथेत राजा आहे, हा कान देऊन बसलेला माणूस नाही. खरी यंत्रणा तोच असणार.

आणि दिवा का नाही, घंटाच का? समुद्रावर नजरेआड काही येत नाही, उजेड कित्येक मैल दिसतो. इथे साग, ऐन, बांबूची बेटं. पन्नास पावलांवरचा गवासुद्धा दिसत नाही. मशाल पहिल्याच वळणाआड जाईल. जंगलात खबर कानानंच घ्यावी लागते. वाघ उठला की वानर खाकरतं, ते ऐकून चितळ ओरडतं, पलीकडे सांबर. ही वर्दी खांबांच्याही आधीची.

१७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचं गोंड राज्य खालसा केलं. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. दोर आणि घंटा आता नाहीत. गाडीतून उतरायला बंदी आहे, ती योग्यच. खांबाला हात लावता येत नाही. पण एखाद्या खांबापाशी इंजिन बंद करायला जरूर सांगावं. पुढचा खांब सागाआड असतो. वानराचं खाकरणं मात्र त्याच्याही पलीकडून ऐकू येतं.